बॅटरीपासून वीतभर

मल्हारने मला बारामतीला नेलं ते खोक्यांवरचं इंग्रजी वाचण्यासाठी. इंदापूरच्या वाचनालयात माझा जन्म गेला, त्यामुळे छापलेलं काहीही मला कळतं, असा शेळगावात समज आहे. तो खोडून काढण्याचं धैर्य मला कधी झालं नाही.

मल्हार आमच्या शेजारच्या सारजाबाईंचा मुलगा. मेंढरं विकून त्याने जुनी जीप घेतली आणि इंदापूर-बारामती रस्त्यावर वडाप, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी नेण्याचा धंदा, सुरू केलं. हे सत्त्याण्णव सालच्या उसाच्या हंगामातलं. तेव्हा कॉलेजची पोरं मुकी जीप सोडून देत आणि मागून दणके देत येणाऱ्या जीपला हात करत. मल्हारने पुण्याहून सबवूफरचे दोन वापरलेले बॉक्स आणून मागच्या बाकाखाली बसवले होते, पण त्यांना जोर देणारा ॲम्प्लिफायर नव्हता.

"स्वस्तातला पायजे, आबा, पण फसवणारा नको," तो म्हणाला. "तुमी नुसतं वाचा. बाकीचं मी बघतो."

त्याची बायको म्हाळसा पुढे बसली होती, मी मागे, आणि माझ्याशेजारी त्यांची पाच वर्षांची सृष्टी. जीपच्या मागच्या दाराची कडी तुटलेली होती. ते दार तारेने पिळून बांधलेलं मी चढतानाच पाहिलं होतं. अशा गोष्टी माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत आणि मग डोक्यातून जात नाहीत.

बारामतीत मोहनरावांच्या टेप-स्पीकरच्या दुकानात दोन ॲम्प्लिफायर समोर आले. एक चकचकीत निळा, खोक्यावर एक हजार वॉट असं बोटभर उंचीच्या अक्षरांत. दुसरा काळा, बोजड, त्यावर एकशेवीस वॉट. भाव जवळजवळ सारखाच.

"ह्यात विचार कसला?" मोहनराव निळ्यावर थाप मारत म्हणाले. "हजार कुठं आन् एकशेवीस कुठं!"

मी दोन्ही उलटे करून पाहिले. वाचनालयात इलेक्ट्रॉनिक्सचं एक पुस्तक होतं. ते कोणी नेत नसे, म्हणून मीच वाचलं होतं. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. निळ्याच्या पाठीवर फ्यूज पंधरा अँपिअरचा. बारा गुणिले पंधरा म्हणजे एकशेऐंशी वॉट. त्याहून जास्त वीज त्या यंत्रात शिरण्याआधी फ्यूजच उडणार. मग हजार वॉट येणार कुठून? काळ्याचा फ्यूज वीसचा. म्हणजे आत दोनशेचाळीस जाऊ शकतात, त्यातले एकशेवीस बाहेर येणं खरं असावं. मी मनात पुन्हा गुणाकार केला. पुस्तक जुनं होतं. मधल्या काळात विजेचे नियम बदलले नसतील, पण मला काय ठाऊक?

"मल्हार," मी हळूच म्हणालो, "मला वाटतं, म्हणजे माझं चुकत असेल, पण काळा घ्यावा."

"का वं?"

मी सांगितलं. मोहनराव हसले. "आबा, हे पुस्तक न्हाय, मशीन हाय."

मल्हारने दोन्ही यंत्रं दोन हातांत धरून तोलली, मेंढराचं कोकरू उचलून पाहावं तशी. "काळं वजनाला भरतंय. हेच द्या. आबा उगं बोलत न्हाईत. खरं तर बोलतच न्हाईत."

म्हाळसा तोंडाला पदर लावून हसली. मला बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. आता ते यंत्र माझं झालं होतं.

मोहनराव दुकानासमोर जीपमध्ये वायर ओढू लागले तेव्हा मी खोक्यातला कागद वाचत उभा होतो. जाड लाल वायर बॅटरीपासून निघून पत्र्याच्या भोकातून आत, चटईखालून मागच्या बाकापर्यंत. कागदावर चौकटीत छापलं होतं की या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत वेगळा फ्यूज हवाच.

"इथे फ्यूज लागतो," मी म्हणालो.

"मशीनमध्ये हाय की."

"तो यंत्रासाठी. वायर मध्येच कुठे पत्र्याला टेकली तर..."

"आज त्या फ्यूजची डबी संपलीय. परवा या, लावून देतो."

मी मल्हारकडे पाहिलं. "परवापर्यंत थांबलो तर?"

"उद्या इंदापूरचा बाजार हाय, आबा. उद्याच तर गिऱ्हाईक. परवा लावू की, पळून जातंय व्हय?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. सारजाबाईंनी नव्या यंत्राखाली अंथरायला घरची घोंगडी दिली होती. त्यांच्या घरात नवी वस्तू घोंगडीवर बसल्याशिवाय वापरत नाहीत. म्हाळसाने ती बाकाखाली पसरली, काळं यंत्र तिच्यावर ठेवलं आणि चिमूटभर भंडारा वाहिला. निघताना मल्हारने विहिरीवरच्या इंजिनासाठी डिझेलचा कॅन भरून घेतला आणि मागे, माझ्या पायांशी सरकवून ठेवला.

काटेवाडी मागे पडली तोवर माझं सगळं अंग कान झालं होतं. पण कानांचा उपयोग नव्हता. मल्हारने कॅसेट लावली होती आणि दणका असा की बाकाची लाकडं माझ्या दातांत वाजत होती. सृष्टी टाळ्या पिटत होती. बारा गुणिले वीसचा हिशेब बरोबर निघाला होता, आणि मी चटईकडे बघत बसलो होतो. त्या चटईखाली लाल वायर होती आणि तिला थांबवणारं काही नव्हतं. समोर म्हाळसाच्या पाठीची फळी, मागे तारेने बांधलेलं दार, पायांशी डिझेल. आणि मधे ही पोर.

भवानीनगरपाशी उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. मल्हारने जीप खाली मातीत घेतली. जीप आदळली, बाक उचललं गेलं आणि खाली बसलं. त्यानंतर थोड्या वेळाने मला वास आला.

केस जळाल्याचा वास. चुलीपुढे वाकलेल्या बाईच्या बटेला झळ लागली की येतो तसा. मी सृष्टीच्या डोक्याकडे पाहिलं, स्वतःच्या मिश्यांना हात लावला. मग वाटलं, बाहेरून येत असेल. साखर कारखाना जवळ आहे, तिथे नाना वास. मग वास गेला. मी स्वतःला म्हटलं, भित्रा माणूस जे शोधतो तेच त्याला सापडतं. नाकावर रुमाल धरला आणि काढला. वास परत आला. लोकर! घोंगडीची लोकर जळत होती.

"मल्हार!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

पुढे वाकून त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याने आरशात पाहिलं. माझा उघडा जबडा, उंचावलेला हात. तो खूश होऊन म्हाळसाला म्हणाला, ते ओठांवरून कळलं, "आबांना आवडलं बघ!" आणि त्याने आवाज वाढवला.

बाकाखालून बारीक करडा धूर निघाला आणि डिझेलच्या कॅनला वळसा घालून सृष्टीच्या पायांशी आला. तिने गंमत म्हणून त्याला पाय लावला.

जन्मात मी कोणाच्या अंगावर हात टाकला नव्हता. मी मल्हारची कॉलर मागून दोन्ही मुठींत धरली आणि जीव खाऊन ओढली. त्याचं डोकं मागे आलं, जीप डगमगली, म्हाळसा किंचाळली. ब्रेक लागला. जीप वाळलेल्या पाचटाच्या कडेला उभी राहिली.

"याड लागलं का, आबा?" त्याने किल्ली फिरवली. गाणं थांबलं. "आता मरत हुतो ना सगळी!"

"आग!"

"कुठं?" मग त्यालाही धूर दिसला. "बंद केलं की, आबा. किल्ली काढली."

पण धूर वाढत होता. मला ठाऊक होतं तसंच. ती वायर किल्लीला विचारून चालत नव्हती, ती थेट बॅटरीवर होती.

"किल्लीने नाही थांबणार! पोरीला घे! कॅन घे! म्हाळसा, बॉनेट!"

मागचं दार उघडणार नव्हतं. मी सृष्टीला उचलून पुढच्या बाकावरून मल्हारच्या हातात दिलं. तिचा एक पाय माझ्या चष्म्याला लागला आणि चष्मा गेला. मी तिच्यामागोमाग कसा बाहेर आलो ते मला आजही सांगता येत नाही. मल्हार तिला रस्त्यापलीकडे ठेवून कॅनसाठी परत आत शिरला.

म्हाळसाने बॉनेट वर धरलं होतं. "ह्यातली कंची, आबा? कंची?"

मला धूसर दिसत होतं, पण मोहनराव ती लाल वायर बॅटरीला पिळत होते तेव्हा मी तिच्यावरून नजर काढली नव्हती. मी गळ्यातला मफलर हाताला गुंडाळला आणि ओढली. ती आली नाही. वायरवरचं रबर लोण्यासारखं पातळ होऊन बोटांना चिकटत होतं. पुन्हा ओढली. हे चुकीचं टोक असेल तर, हा विचार तेव्हाही आला. मग दोन्ही पाय बंपरला टेकवून मागे पडलो आणि ठिणगी उडून ती माझ्याबरोबर बाहेर आली.

मल्हार कॅन शेतात फेकून आला होता. त्याने घोंगडीसकट यंत्र ओढून मातीत टाकलं. बाकाच्या लोखंडी पायाने वायर पत्र्यावर दाबून चिरली होती. तिथे घोंगडीला तळहाताएवढं काळं भोक पडलं होतं. लोकर धुमसली होती, पण तिने पेट घेतला नव्हता. कॅन तिथून हातभरही लांब नव्हता.

सृष्टी रस्त्यापलीकडून गाणं पुन्हा लावा म्हणून रडत होती. म्हाळसाने माझा हात पाहिला, पदर फाडून गुंडाळला.

"परवा म्हनलो हुतो मी," मल्हार म्हणाला. तो मातीतच बसला होता. "तुमी थांबू म्हनला, आन् मी परवा म्हनलो."

"मी मोठ्याने म्हणालो नव्हतो."

"आमाला ऐकाया पायजे हुतं की, आबा."

बॅटरी उतरली होती, ढकलून जीप चालू झाली. आता सृष्टी पुढे आईच्या मांडीवर होती आणि मागचं दार तार सोडून नुसत्या दोरीने धरलेलं होतं. दोरी माझ्या हातात. गाणं नव्हतं. लासुर्णे सोडल्यावर मला पुन्हा केस जळाल्याचा वास आला. माझ्या मफलरचा असावा, बहुधा मफलरचाच. मी तसं स्वतःला दोनदा सांगितलं.

मग म्हणालो, "थांब."

मल्हारने लगेच ब्रेक मारला. जीप कडेला घेतली, खाली उतरला, बॉनेट उघडलं, बाकाखाली हात फिरवला. काही नव्हतं. तो परत बसला.

शेळगाव यायच्या आत मी त्याला आणखी दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा काही नव्हतं. दोन्ही वेळा तो उतरला, आणि कोणी हसलं नाही.