सत्तावीस नंबरची होडी

बाळकुमचा टॉवर धाकूनाना कोळींच्या जागेवर उभा राहिला, म्हणून त्यांना फ्लॅटसोबत पार्किंगही मिळालं. गाडी नव्हती. नानांनी आपल्या सत्तावीस नंबरच्या पार्किंगवर खाडीतली जुनी होडी आणून ठेवली आणि तिच्यात माती भरून भेंडी लावली.

चेअरमन सबनीस म्हणाले, "नाना, इथे फक्त वाहन चालतं. बाग भंगारात जाईल."

"वाहनच हाय. यो बग, नंबर."

होडीच्या कडेवर नोंदणीचा नंबर खरंच होता. सबनीसांनी नियमावली चाळली. "महिनाभर न हललेलं वाहनसुद्धा भंगारात जातं."

तेव्हापासून दर रविवारी नाना आणि चार शेजारी ओंडक्यांवरून होडी ढकलत टॉवरला फेरी मारतात. नानांच्या पत्नी आवडाबाई भेंडीत बसून वल्हं धरतात.

परवा सबनीसांनी होडी अडवली. "आवडाबाई, वळताना हात दाखवा."

आवडाबाईंनी भेंडी दाखवली.