खालचीच खोली हवी

च्याव फंगजीने मोबाइल आडवा धरला, उभा धरला, बोटांनी नकाशा ताणताणून मोठा केला आणि चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "हेच हॉटेल! बघा, स्टेजला अगदी चिकटून आहे. खिडकीतून हात बाहेर काढला की टाळी देता येईल!"

चीनच्या हनान प्रांतातल्या त्या लहानशा गावात रोज संध्याकाळी चौकात गाणी लावून नाचणाऱ्या या आठ जणी. सगळ्या पन्नाशी-साठीच्या, सगळ्या निवृत्त, आणि चोंगचिंग शहरातल्या मोठ्या नाचाच्या स्पर्धेत निवड झाल्यापासून सगळ्याच हवेत. कोणी केस रंगवून आली होती, कोणी नवऱ्याला आठवडाभर स्वतः स्वयंपाक करायची तालीम देत होती. राहायची सोय बघायचं काम फंगजीने मागून घेतलं होतं, कारण ती त्यांची म्होरकी होती आणि म्होरकेपण तिला मनापासून आवडायचं.

"स्टेशनजवळचं स्वस्त आहे," पंग यूलान म्हणाली. फंगजीचं काहीही तिला पटायचं नाही, पण चौकात रोज सगळ्यांच्या आधी हजर तीच. "नाहीतर नदीपलीकडचं ते बघ. खालीच उकळत्या रश्शाच्या हॉटपॉटचं दुकान. रात्री उतरायचं, चापायचं, झोपायचं!"

"नाचायला चाललीस की चरायला?"

"दोन्ही! पोटात काही नसेल तर पाय काय कपाळ उचलणार?"

"तानताईंचा गुडघा आठव जरा," फंगजी म्हणाली.

तान सूछिन त्यांच्यातली सगळ्यात मोठी. फंगजीचा नवरा गेला तेव्हा ती महिनोन्महिने दार लावून घरात बसली होती. तानताई रोज यायच्या, हातातल्या मिटलेल्या पंख्याने दारावर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "एक जागा रिकामी आहे गं, रांग वाकडी दिसते." शेवटी कंटाळून फंगजी बाहेर आली, आणि जगली. आता त्याच तानताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर नाच विसरायचा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे चोंगचिंगचा नाच हा त्यांचा शेवटचा. तो कसाही करून झालाच पाहिजे, असं फंगजीने मनाशी धरलं होतं.

तिने सगळ्यांसमोर स्पीकर लावून हॉटेलला फोन केला आणि ताईंच्या गुडघ्याचं सांगितलं. पलीकडे चुणचुणीत आवाजाची मुलगी होती.

"मावशी, गुडघा दुखतोय ना, मग वरची खोली घ्या. बाविसावा मजला. पैसे तेवढेच."

फंगजीने फोनवर हात दाबून सगळ्यांना डोळा मारला. "वरच्या खोल्या खपत नसणार. आपल्या गळ्यात मारतेय!" मग फोनमध्ये, "लिफ्ट बंद पडली तर आमच्या ताईंना काय तू उचलून आणणार? खालचीच खोली हवी. अगदी जमिनीलगतची."

"अहो मावशी, आमच्याकडे वरती म्हणजे..."

"खालचीच!"

फोन बंद. बायकांनी टाळ्या वाजवल्या. यूलाननेसुद्धा वाजवल्या, जरा हळू.

या मुलखात डोंगर म्हणून नाहीच. गव्हाची शेतं जाऊन थेट आभाळाला टेकतात. त्यामुळे माणसं डावं-उजवं म्हणतच नाहीत. व्हिनेगरची बाटलीसुद्धा "जरा पूर्वेला सरकव" म्हणतात. नाचातही "एक पाऊल दक्षिणेला!" अशी फंगजीची हाळी असायची, आणि आठही जणी झोपेतसुद्धा बरोबर दक्षिणेला वळल्या असत्या.

चोंगचिंगला उतरल्यावर टॅक्सीवाल्याला तिने विचारलं, "आमचं हॉटेल स्पर्धेच्या चौकाच्या उत्तरेला की दक्षिणेला?"

तो हसत सुटला. "उत्तर-दक्षिण इथे कोण विचारतं, मावशी? वर की खाली, ते बोला!"

सगळ्यांना वाटलं, गडी गमत्या आहे. मग कोणाचं लक्षच राहिलं नाही. धुक्यातून पुलावर पूल निघत होते, एक आगगाडी चक्क इमारतीच्या पोटात शिरली, आणि यूलान खिडकीतून अर्धी बाहेर येऊन "अगं बाई, ते बघा! अगं ते बघा!" करत राहिली. खोलीही झकास निघाली. दारातून आत आलं की पलंग, खिडकीत नदी, नदीत बोटी. तानताई बूट काढून ऐसपैस बसल्या. "राणीसारखी सोय केलीस गं," त्या म्हणाल्या. फंगजीला तर पारितोषिक मिळाल्यासारखंच झालं.

दुसऱ्या दिवशी लाल रेशमी पोशाख घालून, लाल पंखे घेऊन आणि ओठांवर जरा जास्तच लाली लावून आठही जणी बाहेर पडल्या. यूलान चाकांचा स्पीकर ओढत होती. मोबाइलवर त्यांचा निळा ठिपका स्टेजच्या ठिपक्याला टेकला होता. स्टेज मात्र कुठेच नव्हतं.

"गाणं ऐकू येतंय," यूलान म्हणाली. "डोक्यावरून."

सगळ्यांनी मान वर केली. समोर कडा होता. कड्याला नागमोडी पायऱ्या आणि पार वर, धुक्यात, फडफडणारी निशाणं. नकाशात चढ दिसत नाही, हे सपाटीवर आयुष्य काढलेल्या बाईला कोण सांगणार?

तानताईंनी पायऱ्यांकडे बघितलं आणि शांतपणे कठड्यावर बसल्या. "जा तुम्ही. मला गाणं इथूनही ऐकू येईल."

"मी पाठीवर घेते!" यूलान खरंच वाकून उभी राहिली.

"तुझी पाठ मोडेल, वर माझा गुडघा. मग नाचणार कोण?"

फंगजीला रडू कोसळायच्या बेतात होतं. इतकं जपून निवडलं, आणि नेमकं तानताईंनाच खाली ठेवून जायचं! ती तरातरा हॉटेलात शिरली. "टॅक्सी बोलाव! लवकर!"

"वरचा रस्ता आज गाड्यांना बंद आहे, मावशी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. आवाज तोच, चुणचुणीत. "लिफ्टने जा ना."

"लिफ्टने कुठे? छपरावर?"

"बाविसाव्या मजल्याचं दार वरच्या रस्त्यावरच उघडतं. फोनवर तेच तर सांगत होते! तुम्ही ऐकून घ्याल तर शपथ."

मागे उभ्या असलेल्या यूलानने आधी तोंडावर पंखा धरला. मग तिला तेही जमेना. हसता हसता तिने स्पीकरवरच बैठक मारली. फंगजीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती तानताईंना आणायला बाहेर पळाली होती.

आठ बायका, आठ पंखे आणि स्पीकर एकाच लिफ्टमध्ये कोंबले गेले. दार उघडलं, तर समोर फरशी, वडाचं झाड, भाजलेल्या रताळ्यांची गाडी आणि माणसांची ही गर्दी. त्यापलीकडे स्टेज. तानताईंनी पाय अलगद पुढे टाकून चाचपून बघितलं.

"ही जमीनच ना गं?"

"जमीनच, ताई."

त्यांच्या संघाचं नाव पुकारलं जातच होतं. आठ जणी धावतपळत स्टेजवर चढल्या, रांगा धरल्या, आणि फंगजी आभाळात सूर्य शोधू लागली. धुक्यात सूर्य नाही. या वर-खालीच्या शहरात डोकं भणभणलेलं. दक्षिण कुठली? ती हाळी देणार तरी कशाच्या जोरावर? आठही जणी आठ दिशांना बघत होत्या.

तेव्हा पुढच्या रांगेतून तानताईंनी मागे वळून पाहिलं. मिटलेला पंखा त्यांनी स्टेजच्या लाकडी खांबावर टकटक आपटला.

"माझ्याकडे बघा गं," त्या म्हणाल्या. "आज मी जिथे उभी आहे ना, तीच दक्षिण."

गाणं सुरू झालं. फंगजीने "एक पाऊल दक्षिणेला!" अशी हाळी दिली, आणि सगळ्या जणी एकदम तानताईंच्या दिशेने एक पाऊल पुढे आल्या.