अकराव्या पानावरचा चंद्र

मी एक चित्रांचं पुस्तक. चोवीस पानांचं, जाड पुठ्ठ्याचं, कुणा लहानग्याला टोचू नये म्हणून कोपरे गोल केलेलं. माझ्यात एका झोप न येणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. ती घरातल्या एकेका वस्तूला झोपवते, चपलांना, चमच्यांना, पंख्याला, आणि शेवटी स्वतः झोपते. गोष्ट वाईट नाही. पण लोक मला ओळखतात ते अकराव्या पानावरून, आणि त्याचीच हकीकत सांगायची आहे.

अकराव्या पानावर एक खिडकी आहे. खिडकीबाहेर उजवीकडे, गच्च्यांच्या मागे, नुकत्याच मावळलेल्या सूर्याचा लाल पट्टा. वर चंद्राची कोर. कोरीची दोन्ही टोकं त्या लाल पट्ट्याकडे वळलेली, आणि टोकांच्या मधे, कुशीत घेतल्यासारखा एक तारा. छापखान्यात बांधणी करणाऱ्यानं नेमकं हेच पान उघडलं आणि म्हणाला, "झकास." मला ते खरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

मला विकत घेतलं ते एका जहाजावरच्या मेकॅनिकनं, त्याच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. पुढची खिडकी मावळतीला, मागची गॅलरी उगवतीला. मुलीची आई बेकरीत कामाला. ती पहाटेच बाहेर पडायची आणि जाताना शेजारणीला हाक मारून जायची, "लक्ष असू द्या हो."

बाप रोज मला वाचून दाखवायचा. पंख्याचा आवाज तो घोगरा काढायचा, चमच्यांचा किणकिणता. मुलगी हसून हसून लोळायची. ते दिवस माझे सोन्याचे होते, पण ते बोटांवर मोजण्याइतकेच.

निघायच्या संध्याकाळी तिनं त्याच्या बॅगेचा पट्टा धरून ठेवला. "बाबा, तू कधी येणार?"

"पंचवीस दिवसांनी."

तिला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्यानं जरा विचार केला, मला उघडलं आणि अकराव्या पानावर बोट ठेवलं. "हे बघ. आज आभाळात अर्धा चंद्र आहे. तो मोठा मोठा होईल, मग बारीक होत होत दिसेनासा होईल आणि पुन्हा येईल. या चित्रातल्यासारखा झाला, की मी आलोच समज."

तिनं पट्टा सोडला.

त्यानंतर ती रोज मला घेऊन चंद्र शोधायची. चंद्र मोठा झाला, वाटोळा झाला, मग कडेनं झिजायला लागला आणि संध्याकाळचा दिसेनासाच झाला. ती हिरमुसली. आई दमून आलेली असायची. म्हणायची, "येईल गं. कुठं पळून जातोय?"

एका पहाटे आईच्या पाठोपाठ दार लागल्याच्या आवाजानं मुलगी जागी झाली आणि मागच्या गॅलरीत गेली. उगवतीला कोर होती, बारीक, टोकं उजवीकडे. तिनं मला छातीशी धरून तिथं नेलं, पान उघडलं, एकदा वर पाहिलं, एकदा खाली. हुबेहूब. फक्त तारा नव्हता. तो मागून येणार असेल, असं ती मला म्हणाली.

शेजारीण आपल्या घरात चहा टाकत होती. मुलीनं नवा फ्रॉक चढवला, मला काखोटीला मारलं आणि एकटीच तीन जिने उतरून बसस्टॉपवर गेली. बाप तिथूनच गेला होता.

रस्ता झाडणाऱ्या बाईनं तिला पाहिलं. "कुठं निघालीस गं एवढ्या पहाटे?"

"कुठं नाही. बाबा येतोय."

"कुणी सांगितलं?"

मुलीनं मला उघडून दाखवलं. बाईनं चित्र पाहिलं, आभाळ पाहिलं. "आहे खरा तसाच," ती म्हणाली, आणि झाडू बाजूला ठेवून शेजारी बसली.

तीन बस आल्या. प्रत्येक बसच्या वेळी मुलगी उभी राहायची आणि शेवटचा माणूस उतरला की खाली बसायची. उजाडलं, कोर पुसट होत होत दिसेनाशी झाली. मग त्या बाईनं तिला विचारत विचारत बेकरीत नेलं. आईनं आधी एक धपाटा घातला आणि मग तिला इतकं घट्ट धरलं, की नव्या फ्रॉकभर पीठ झालं. मुलगी रडली नाही. घरी आल्यावर तिनं मला पलंगाखाली सरकवलं, भिंतीपर्यंत. अंधारात मी विचार करत राहिलो, माझं काय चुकलं?

सहा दिवसांनी, ठरल्या संध्याकाळी, बाप आला. दारातूनच त्यानं हाक मारली. मुलगी आईच्या मागे गेली.

"अगं, ओळखलं नाहीस? बघ, खिडकीत चंद्रपण आलाय."

"तो उलटा आहे," ती म्हणाली. "बरोबरचा येऊन गेला. तू नव्हतास."

तो जेवला नाही, त्यानं हातपायही धुतले नाहीत. आईनं बसस्टॉपची हकीकत सांगितली, तेव्हा गुडघ्यांवर येऊन त्यानं मला पलंगाखालून ओढून काढलं आणि खिडकीशी नेलं. बाहेरच्या कोरीची उजळ पाठ मावळत्या सूर्याकडे होती, टोकं दुसरीकडे. माझ्यात टोकंच सूर्याकडे. तो एकदा पान बघायचा, एकदा आभाळ.

"उजेड सूर्याचा," शेवटी तो म्हणाला, "मग सूर्याकडची बाजू काळी कशी असेल? मी दिवसभर इंजिनघरात, आभाळ दिसतं कुठं? वाटलं, चित्र काढणाऱ्यानं बघूनच काढलं असेल."

मुलगी चार दिवस त्याच्या मांडीवर बसली नाही. पाचव्या दिवशी बसली, पण मला हात लावला नाही. "ते खोटं बोलतं," म्हणाली.

तिच्या आईनं पत्र लिहिलं आणि माझ्यासकट प्रकाशकाकडे धाडलं. पत्रात राग नव्हता. 'मुलं चित्राला खरं मानतात,' एवढंच, आणि बसस्टॉपची हकीकत.

प्रकाशकाच्या कपाटात मी दोन महिने पडून होतो. मग पत्रासकट माझी रवानगी चित्रकर्तीकडे झाली. मला काढणारीचा हात मला पहिल्यांदाच लागत होता. पिकल्या केसांच्या बाई, एकट्या राहणाऱ्या, बोटांना रंगाचे डाग. पत्र अर्धंच वाचून त्यांनी संपादकाला फोन लावला. "तीस वर्षं मी चंद्र काढतेय. आता मुलांच्या पुस्तकातही लोक विज्ञान तपासणार का?" फोन ठेवून त्यांनी उरलेलं पत्र वाचलं. चष्मा काढला. त्या दिवशी ब्रश भिजला नाही.

पुढच्या संध्याकाळपासून त्या खुर्ची घेऊन गच्चीवर जायला लागल्या. सोबत मी. रोज त्या चंद्र कुठं आहे, पाठ कुठं, टोकं कुठं, ते पेन्सिलनं टिपायच्या. चंद्र नसेल तेव्हाही बसायच्या. गोष्टी वाचून दाखवायला त्यांना कुणी नव्हतं, आणि मला वाचणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघं आभाळाकडे बघत बसायचो.

एकदा संध्याकाळची नवी कोर दिसली, तेव्हा तिच्या टोकांमधला काळोखा गोलही त्यांना अंधुक दिसला. त्या हळूच म्हणाल्या, "अरे, इथं तर चंद्रच आहे. भरलेल्या जागी तारा बसणार कसा?" आणि माझ्या पानावरच्या ताऱ्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

संपादक म्हणाला, एका चंद्रासाठी कशाला पान बदलायचं, कुणाच्या लक्षातही येत नाही. बाई म्हणाल्या, "जिच्या लक्षात आलं, ती बसस्टॉपवर बसली होती." पान बदललं.

नव्या आवृत्तीची पहिली प्रत त्या मुलीला गेली. उत्तर आलं, मोठ्या वाकड्या अक्षरात: 'बाबा परत गेला होता. या वेळी चंद्र आणि बाबा एकाच दिवशी आले. जुनं पुस्तक आता नको.'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि भिंतीला लावलं. बरोबरच केलं. तिचं भलं झालं, यात मला आनंदच आहे. पण शेवटचं वाक्य माझ्यासमोरच आहे, आणि मला डोळे मिटता येत नाहीत.

आता मी बाईंच्या फळीवर असतो. चित्रकला शिकणारे येतात, तेव्हा त्या मला काढतात, थेट अकरावं पान उघडतात आणि सांगतात, "माझी चूक बघा. काढण्याआधी वर बघत जा." मुलं मान डोलावतात, कुणी हसतं. मग मी बंद होतो. कण्याला तिथंच घडी पडलीय. हातात घेतलं की मी आपोआप त्याच पानावर उघडतो.

चित्र काढणाऱ्यांनो, आभाळाकडे बघत जा, ही विनंती आहेच. पण आणखी एक मागणं आहे, जरा स्वार्थी. कधी या घरी आलात, तर मला पहिल्या पानापासून उघडा. चपला अजून जाग्या आहेत, चमचे जागे आहेत. आवाज काढता आला नाही तरी चालेल, नुसतं वाचा. पंख्यापर्यंत तरी.