एक हजार नऊच्या रांगा

कारखान्यात मस्टर सांभाळणाऱ्या कारकुनांना सगळे भागाकारराव म्हणत, आणि ते काही उगाच नाही. समोर एखादा मोठा आकडा आला की त्याला कितीने भाग जातो हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग तो गाडीचा नंबर असो, नाहीतर बायकोच्या चपलेच्या खोक्यावरचा.

म्हणूनच कारखान्याच्या पंचविसाव्या वर्षाच्या फोटोचं काम मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या गळ्यात घातलं. "सगळ्या रांगा सारख्या हव्यात. एक डोकं कमी नको, एक जास्त नको!" मस्टरवर साहेब धरून एक हजार आठ माणसं होती. भागाकाररावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. या आकड्याला चक्क तीस संख्यांनी भाग जातो! चौऱ्याऐंशीच्या बारा रांगा ठरवून त्यांनी पटांगणात पायऱ्या मांडून घेतल्या.

फोटोच्या सकाळी शेवटच्या रांगेत पंच्याऐंशी माणसं निघाली.

टोकाला चहाच्या मावशी उभ्या होत्या, चापूनचोपून केस विंचरून, ॲप्रनला कडक इस्त्री करून. बावीस वर्षं त्यांनी या सगळ्यांना चहा पाजला होता. पण त्या ठेकेदाराच्या, म्हणून मस्टरवर नाहीत. महिनाअखेर काम सोडून लेकीकडे जाणार होत्या. इथला हा त्यांचा पहिला आणि शेवटचा फोटो. रोज दोनदा त्यांच्या हातचा चहा पिऊन आपण त्यांनाच मोजायला विसरलो, याची भागाकाररावांना भयंकर लाज वाटली.

"एक जण बाजूला व्हा!" पहिल्या रांगेतून साहेब ओरडले.

"राहू द्या हो भाऊ, मी उतरते," मावशी म्हणाल्या. "माझ्यावाचून काय अडलंय?"

"थांबा मावशी!" भागाकाररावांनी मनातल्या मनात भागायला घेतलं. तिनाने एक उरतो. सातानेही एक. अकरा, तेरा, सतरा... एकतीसपर्यंत कशानेच भाग जाईना, आणि त्यापुढे बघायची गरजच नव्हती.

"साहेब, एक हजार नऊ ही मूळ संख्या आहे. कितीही डोकं आपटा, सारख्या रांगा व्हायच्या नाहीत."

"तेच सांगतोय ना मी? एक कमी करा!"

"कमी कशाला? बाराने भागलं की एक उरतो. उरलेल्याला हाकलायचं असं कुठल्या गणितात सांगितलंय? त्याला पुढे खुर्ची द्यायची!"

साहेबांशी ते जन्मात पहिल्यांदाच वाद घालत होते. तरी त्यांनी ऑफिसातली आपली खुर्ची आणली, सगळ्यांच्या पुढे मधोमध ठेवली, मावशींना धरून तीत बसवलं आणि पळत आपली जागा गाठली.

फोटोग्राफरचं बोट बटणावर होतं. तेवढ्यात साहेबांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "पण या बाई आहेत तरी कोण?"

"मावशी!" बाराच्या बारा रांगा एकदम ओरडल्या.

तोच फोटो आता दाराशी लावलाय. एक हजार सात तोंडं उघडी, साहेबांचं तेवढं मिटलेलं, आणि सगळ्यांच्या पुढे खुर्चीत बसून मावशी पोट धरधरून हसतायत.