गोदूबाईने निम्म्यावर आणलेला टॅक्स

"वहिनी, हे सांगितलं तर खाडीतला खेकडासुद्धा विश्वास ठेवणार नाही!" असं म्हणत गुणाजीने फाटकं जाळं मांडीवर ओढलं. चेंदणी कोळीवाड्यात त्याच्या थापा आजवर कुणी खऱ्या मानल्या नव्हत्या आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! आज मात्र थाप वाया जाऊन चालणार नव्हतं.

समोर त्याची भावजय गोदूबाई मोबाइल घेऊन बसली होती. सकाळीच फोन आलेला: लकी ड्रॉमध्ये मोटार लागली, फक्त आधी टॅक्स भरा. मासळी विकण्यात जिचा जन्म गेला, ती बाई काय करणार? तिने घासाघीस केली! टॅक्स निम्म्यावर आणला आणि गल्लीभर मिरवून आली. "आई, हा फ्रॉड आहे," असं सून मेघाली म्हणाली, तर "कालची पोर मला भाव शिकवते!" म्हणून तिचीच खरडपट्टी निघाली. होडीच्या नव्या इंजिनासाठी साठवलेले पैसे जायला आता तिचं बोट स्क्रीनवर टेकायचाच अवकाश होता.

गुणाजी वहिनीला ओळखून होता. उपदेश केला की ती हटकून उलटं करायची. पण कुणाची थाप खोडल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"मलापण लागलेली मोटार."

"तुम्हाला?" बोट थबकलं.

"मग! मी म्हटलं, टॅक्सापोटी एक चाक काढून घे, उरलेली गाडी पाठव. आली ना तीन चाकांवर, घोडबंदर रोडने! ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हर एवढा अडकला, की निघताना तुळतुळीत होता, पोचला तेव्हा छातीपर्यंत दाढी."

"कायतरीच!"

"मी तसाच १९३० ला फोन लावला. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार तिथे करतात, १९३० ला." नंबर मात्र त्याने खरा सांगितला, तोही दोनदा. "पलीकडची बाई विचारते, काका, किती गेले? मी म्हटलं, गेलं काहीच नाही, मोटार आलीय. बिचारी खुर्चीवरून पडली."

गोदूबाई खो खो हसली. पण हसता हसता बोट पुन्हा स्क्रीनकडे वळलं. गुणाजीच्या हातून टाका निसटला. आता ठेवणीतली थाप काढायला हवी होती.

"पुढचं तर ऐका! गाडी नावावर करायला सरकारी हापिसात गेलो. साहेबाने टॅक्स सांगितला. मी म्हटलं, पापलेट विकतोस काय रे? निम्मा देईन. तो नाही म्हणाला. मी पायऱ्या उतरायला लागलो, तशी मागून हाक, 'ओ काका, या, निम्म्यात न्या! सकाळपासून भवानी नाय झाली!'"

"खोटं!" गोदूबाई ताडकन उठली. "साफ खोटं, भावोजी! सरकारी साहेब कधी हाक मारून टॅक्स उतरवतो? जो घासाघीस करून उतरतो, तो टॅक्स कसला? ती तर..."

तिची नजर हातातल्या मोबाइलवर गेली.

"अरे मुडद्या! भावोजी, तुम्ही खोटे, आणि हा फोनवरचा तुमच्याहून खोटा!"