हळूकाकांचा पाणघोडा

"जरा तिकडं सरका हो. मला तोंड नीट दिसलं पाहिजे."

"कोणाचं?"

"तुमचं. म्हणजे पाणघोड्याचं."

बायकोनं म्हटलं तसे हळूकाका खुर्चीत सरकले. समोरचा पडदा अजून कोरा होता. सरका म्हटल्यावर सरकण्यात त्यांची हयात गेली होती. बायकोच्या पलीकडे तिची थोरली बहीण, ताई, पर्स मांडीवर घेऊन परीक्षकासारखी बसली होती.

कार्टून बनवणाऱ्या एका कंपनीत हळूकाका सामानाची खोली सांभाळत. आवाज इतका हळू, की त्यांनी 'नाही' म्हटलं तरी समोरचा 'हो' समजून सामान घेऊन जाई. मग नव्या मालिकेचं काम निघालं. एका ऑफिसात जनावरं नोकरी करतात आणि पाणघोडा त्यांचा साहेब, अशी ती मालिका. पहिला भाग वरच्यांना आवडला, तरच पुढचे निघणार होते.

कार्टूनमध्ये आधी आवाज घेतात, बोलणाऱ्याचा चेहराही टिपतात आणि त्यावरून चित्रांची तोंडं हलवतात. पाणघोड्यासाठी नट ठरला नव्हता. तेवढ्यात दिग्दर्शक मुलगी बल्ब मागायला आली आणि बल्बाऐवजी हळूकाकांनाच घेऊन गेली. "तात्पुरतं वाचा हो काका, कोणीतरी वाचायलाच हवंय."

काचेची बंद खोली, समोर चिटपाखरू नाही. हळूकाकांनी ओठ मिटले, ओठांवरून जीभ फिरवली, खाली जमिनीकडे पाहिलं आणि असे गरजले, की काचेपलीकडे त्या मुलीनं कानावरचे हेडफोन काढून बाजूला ठेवले. हा माल आपल्याकडे कधीपासून पडून होता, हे खुद्द सामानखोलीवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

"मी साहेब झालो," घरी येऊन ते म्हणाले. बायकोनं लगेच ताईला फोन लावला. ताईचे यजमान हयात असताना त्यांचा राग तीन इमारतींना ऐकू जायचा. त्यामुळे मुका नवरा म्हणजे अर्धाच नवरा, असं ताईचं पक्कं मत होतं.

"तुझा नवरा ओरडतो? कोणावर?"

"जिराफावर. जिराफ कारकून आहे त्यांच्याकडे."

"मी ऐकल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही," ताई म्हणाली. म्हणून आज कंपनीत पहिला भाग बघायला ती आली होती.

आणि चार दिवसांपूर्वी ती मुलगी सामानखोलीच्या दारात उभी राहून खाली बघत म्हणाली होती, "काका, वरच्यांना नावाजलेला नट हवाय. तुमचा आवाज काढावा लागला."

"बरं," हळूकाका म्हणाले. तिला ऐकूच गेलं नाही, म्हणून बिचाऱ्यांना दोनदा म्हणावं लागलं. घरी मात्र एकदाही सांगता आलं नव्हतं.

दिवे मालवले. पडद्यावर ऑफिस उघडलं. जिराफ पंख्याला मान लागू नये म्हणून टेबलाखाली बसून काम करत होता. लोक हसू लागले. मग साहेब आला आणि बोलला. आवाज भरदार होता, मखमली होता आणि दुसऱ्याचा होता.

बायको हसायची थांबली. तिनं हळूकाकांकडे पाहिलं नाही. त्यांना वाटलं, पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पडद्यावर जिराफानं साहेबाच्या खुर्चीवर शाई सांडली. आता साहेब भडकणार, म्हणून सगळे सावरून बसले. पण पाणघोड्यानं आधी ओठ मिटले, ओठांवरून जीभ फिरवली, क्षणभर जमिनीकडे पाहिलं, जणू रागवायला तिची परवानगी मागतोय, आणि मग कुठं तो ओरडला. तोंड हळूकाकांच्याच जुन्या आवाजावर आणि चेहऱ्यावरून काढलेलं होतं. नटाला निमूटपणे त्यातच आपला आवाज बसवावा लागला होता.

खोली हसून लोटपोट झाली. सगळ्यांत आधी हसली ती हळूकाकांची बायको, पाणघोडा ओरडण्याच्याही आधी. मग तिनं डोळ्यांना पदर लावला.

बाहेर बसच्या थांब्यावर ताईनं तोंड उघडलं. "आवाज तर दुसऱ्याचाच होता गं."

"होता," बायको म्हणाली. मग हळूकाकांना, "कधी कळलं?"

"सोमवारी. सांगणार होतो."

"मग?"

"तू आजच्यासाठी माझ्या शर्टाला इस्त्री करत होतीस."

बायको त्या शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिली. "मला ऐकायचा होता हो," एवढंच म्हणाली.

"आता कसला ऐकतेस," ताई म्हणाली. "भाऊजी, तुमची बस चालली बघा."

खरंच बस थांब्यावर न थांबता पुढं निघाली होती. लोकांनी हात केले, शिट्ट्या मारल्या. हळूकाकांनी ओठ मिटले, खाली रस्त्याकडे पाहिलं आणि बसच्या पाठीवर असे काही गरजले, की समोरच्या दुकानातल्या माणसानं शटर ओढायला सुरुवात केली. बस करकचून थांबली.

ताईच्या हातून पर्स पडली.

तिघं चढली. कंडक्टर कानात बोट घालून हलवत होता. "कोण हो ओरडलं ते?"

हळूकाका काहीतरी पुटपुटले. ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

"आमचे हे," बायको म्हणाली. तिनं खिडकीजवळची जागा त्यांना दिली, स्वतः शेजारी बसली आणि मागं उभ्या असलेल्या ताईला म्हणाली, "तू बस ना पुढं कुठंतरी."