जलपूजन

त्या रविवारी पुष्पलताबाई पहाटेच उठल्या, डोक्यावरून न्हाल्या आणि पहिल्या सिटी बसनं गोरेवाड्याच्या तलावावर गेल्या. काठावरचं शेवाळ हातानं सारून त्यांनी तांब्याच्या गडव्यात पाणी भरलं. आज त्यांच्या नवऱ्याच्या छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाला याच पाण्याची पूजा व्हायची होती.

गणपतरावांची लकडगंजात लाकडाची वखार होती, पण जीव अडकला होता पाण्यात. सवड मिळाली की कॅमेरा घेऊन ते तलाव आणि ओढे पालथे घालायचे. सोबत पुष्पलताबाई असायच्याच. लव्हाळ्यात दडलेली जांभळी पाणकोंबडी आधी त्यांनाच दिसायची. मागच्या हिवाळ्यात गणपतराव अचानक गेले. मुलानं, मोहितनं, त्यांचे फोटो धरमपेठेतल्या एका सभागृहात लावले. विक्रीतून जे येईल, ते तलावांच्या सफाईला द्यायचं ठरलं होतं.

सभागृहात पुष्पलताबाई एकेका फोटोपुढे थांबत होत्या. धुक्यातल्या बदकांपाशी त्यांचे डोळे भरून आले. त्या पहाटे नवऱ्यानं स्वतःची शाल त्यांच्या खांद्यावर टाकली होती.

पूजा पाच सुवासिनी करणार होत्या. त्यांत सून उन्नतीही होती. गणपतरावांच्या थोरल्या बहिणीनं, सुभद्राताईंनी, टेबलावरचा गडवा पाहिला.

"पुष्पा, हे पाणी कोणं आणलं वं?"

"मीच आणलं, ताई."

"अवं, तुले समजत नाही का? शुभ काम हाय. तुया हातचं पाणी पूजेले कसं चालन?"

"त्याईचंच तं काम हाय न, ताई."

"म्हणून तं सांगून राहिली."

सुभद्राताईंनी गडवा उचलला आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडा केला. तलावाचं पाणी जाळीतून गळून गेलं. मग त्यांनी त्यात बाटलीबंद पाणी ओतलं, वर आंब्याची पानं आणि नारळ ठेवला. तलाव वाचवायला जमलेल्या माणसांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

पुष्पलताबाईंनी मोहितकडे पाहिलं. तो शेजारीच उभा होता.

"जाऊ दे न आई," तो हळूच म्हणाला. "पाहुणे येऊन राहिले. आता आत्याले काय बोलू? तू मागच्या खुर्चीवर बस जराशी."

उन्नतीनं हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं.

"मी नाही करत पूजा. बाबांसोबत जिनं उभा जन्म तलावाच्या काठावर काढला, तिचं पाणी चालत नाही, तं मायंही नको."

सुभद्राताई पदर डोळ्यांना लावून रडू लागल्या. भावाच्या कार्यात सुनेनं विघ्न आणलं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. मग कुणीतरी दुसरी बाई पुढे केली. पूजा झाली, टाळ्या झाल्या.

तोवर सासू-सुना जिना उतरून रस्त्यावर आल्या होत्या. मोहित धावत खालच्या पायरीवर आला.

"आई, चल न वर. लोकं तुले विचारून राहिले. बाबांबद्दल दोन शब्द बोल."

पुष्पलताबाई थांबल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"तुये बाबा गेले, त्या दिवशी बायांनी माया बांगड्या फोडल्या. तू तवा रडत होता, म्हणून मी तुले काही म्हटलं नाही. आज तं तू रडत नव्हता, मोहित."

उन्नतीनं ऑटो थांबवला, सासूला आधी बसवलं, मग स्वतः बसली. ऑटो वळणाआड गेला तरी मोहित पायरीवरच उभा होता. वर माइकवरून त्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं जात होतं.